इंग्रजी पंगतीतला वाढपी

पुस्तकाला घाबरून माणसाचं पोट बिघडतं, हे मला सिंगापूरला जाईपर्यंत माहीत नव्हतं. पोलिसाला घाबरावं, बायकोला घाबरावं, ते समजू शकतो. माझी फाटली ती एका जाड्या इंग्रजी कादंबरीला. तीही मी न वाचलेली.

मला अगदीच वाचता येत नाही असं नाही. चौथीपर्यंत शाळेत बसलोय. तिसरीत दोनदा बसलो, म्हणजे अनुभव पाच वर्षांचा. मराठी पेपर वाचतो, मोठ्या अक्षरातला. इंग्रजीत मात्र दार ढकलायचं का ओढायचं, हेसुद्धा मला पाटी बघून कळत नाही. कुणीतरी पुढे जाईपर्यंत मी बाजूला उभा राहतो आणि फोनवर बोलल्यासारखं करतो.

माझा मुलगा तिथे कॉम्प्युटर इंजिनियर. ऑफिस बुओना व्हिस्टाला, राहायला बुकित पंजांगला भाड्याचा फ्लॅट. तिथली नवीन MRT, म्हणजे मेट्रो, तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. त्याला एक मुलगी आवडली होती. मराठीच, पण तिथेच वाढलेली. तिच्या आईवडिलांचं म्हणणं, मुलगा चांगला आहे, आता वडिलांना बघू. म्हणून त्याने मला महिनाभराच्या पासवर बोलावून घेतलं. आमची मंडळी येऊ शकली नाहीत, आमची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. म्हणजे घराची सगळी इज्जत घेऊन मी एकटा विमानात बसलो.

विमानतळावरून घरी जाताना टॅक्सीत मुलगा म्हणाला, "बाबा, एक सांगायचं राहिलं."

"बोल."

"मी त्यांना सांगितलंय, तुमचा कॅटरिंगचा धंदा आहे."

मी घाबरलो की भलतेच प्रश्न विचारतो. मी विचारलं, "किती मोठा?"

"चाळीस माणसं हाताखाली."

चाळीसचा आकडा बरोबर होता. आमच्या पुण्याच्या कॅटररकडे माणसं चाळीसच होती. फक्त मी त्यांच्या वर नव्हतो, त्यांच्यात होतो. एकतीस वर्षं वाढपी. पहिली दोन वर्षं पाणी, मग मीठ-लिंबू, मग चटणी-कोशिंबीर, मग भात, आणि शेवटी जिलबी. जिलबीवाला म्हणजे आमच्यातला साहेब. पाणीवाल्याला तो 'ए' म्हणतो. पण पंगतीत बसलेल्याला तो आणि पाणीवाला सारखेच दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. नुसता हात दिसतो.

"आणि त्यांना खरं कळलं तर?"

मुलगा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तर लग्न होणार नाही, बाबा."

बाहेर रस्त्याच्या कडेला झाडं काय, फुलं काय. मला काही दिसलं नाही. 

मुलीचं घर बुओना व्हिस्टाच्याच एका कॉन्डोत, म्हणजे गेटवाल्या महागड्या सोसायटीत. खाली गार्डने मला सलाम केला. मी त्याला उलट सलाम ठोकला, पाय जुळवून. मुलाने माझा हात धरून खाली आणला. मुलीची आई नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात डॉक्टर, वडील बँकेत मोठ्या जागेवर. मुलगी एकदम मोकळी. दार उघडून म्हणाली, "हाय काका! फ्लाइट ओके होती ना?"

"हो," म्हटलं, "पडलं नाही."

ती हसली. बरं वाटलं. पण तिचे वडील माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "मग, तुम्ही इकडे आल्यावर धंदा कोण बघतं?"

"आपला आपण चालतो."

"वा! म्हणजे सिस्टिम बसवलीय."

"हो, बसवलीय." मी घाम पुसला. ते घर फ्रिजसारखं गार होतं आणि मी घाम पुसत होतो.

जेवणं झाली आणि माझे हात आपोआप ताटं उचलायला निघाले. एकतीस वर्षांची सवय. माणूस उठला की हात ताटाकडे जातो. मी ते कसेबसे मागे ओढले, मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसलो. मुलीचे वडील म्हणाले, "अगं, यांना थंडी वाजतेय, एसी कमी कर." त्यांच्याकडची बर्माची कामवाली ताटं न्यायला आली. तिने एकावर एक रचून तीन उचलली, दोन उरली. मी पाचही नेली असती, एका खेपेत. माझ्या बोटांना मुंग्या आल्या.

आता पुस्तकाचं सांगतो. त्या लोकांची एक भिशी होती. पैशांची नव्हे, पुस्तकांची. महिन्याला एक पुस्तक सगळ्यांनी वाचायचं आणि कुणाच्या तरी घरी जमायचं. स्टीलच्या डब्यात दोन प्रकारच्या चिठ्ठ्या. एकीत माणसाचं नाव, एकीत विषय. ज्याचं नाव निघेल त्याने पुढच्या वेळी त्या विषयावर बोलायचं. मी आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांची बैठक होती, मलाही नेलं. तिथे चिठ्ठ्या टाकताना मुलीचे वडील मोठ्या मनाने म्हणाले, "पाहुण्यांचंही नाव घाला. पुढची बैठक आपण लवकर घेऊ, ते जायच्या आत."

बारा चिठ्ठ्या होत्या. मला आयुष्यात लॉटरीत चमचासुद्धा लागलेला नाही. पण त्या दिवशी लागली. माझं नाव निघालं. विषय निघाला, 'दुय्यम पात्रं आणि वर्ग'.

वर्ग म्हटल्यावर मला आमची तिसरीच आठवली. मी मुलाच्या कानात म्हटलं, "दोनदा बसलो ते सांगायचं का?"

"बाबा, गप्प बसा."

घरी आल्यावर त्याने सांगितलं. वर्ग म्हणजे वरचे लोक, मधले लोक, खालचे लोक. दुय्यम पात्रं म्हणजे गोष्टीत येऊन जाणारे. दार उघडणारा, कोट घेणारा, घोडा धरणारा, सूप आणणारी. मी म्हटलं, "म्हणजे मी." त्याने पान उलटलं.

पुस्तक राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं. नाव सांगायला गेलो तर माझी जीभ वळत नाही, तुम्हीही हसाल, तेव्हा राहू दे. रोज संध्याकाळी ऑफिसातून आला की मुलगा मला चाळीस-पन्नास पानांची गोष्ट सांगायचा. एक गिरणीमालक, नवीन श्रीमंत. त्याला थोरली मुलगी एका लॉर्डच्या घरात द्यायची आहे. म्हणून तो घरात मोठी मेजवानी ठेवतो. लॉर्ड येतो, लॉर्डची म्हातारी आई येते, आणि टेबलाच्या टोकाला गिरणीमालकाचा एक गरीब चुलतभाऊ बसतो. गोष्ट चांगली होती. पण मुलीचं लग्न ठरायचंय आणि बाप मोठेपणाचं सोंग करतोय, हे ऐकून मी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. म्हटलं, हे पुस्तक आपल्यावर नजर ठेवून लिहिलंय.

मुलाने मला चार वाक्यं पाठ करून दिली. 'दुय्यम पात्रं ही समाजाचा आरसा असतात' हे पहिलं. पुढची तीन याहून अवघड. मी ती बाथरूममध्ये म्हणायचो, LRT च्या छोट्या मेट्रोत म्हणायचो. एकदा शेजारचा चिनी आजोबा उठून दुसरीकडे जाऊन बसला. मंडळींना फोन केला तर ती म्हणाली, "चार वाक्यं बोला आणि तोंड मिटा."

"पुढे कुणी विचारलं तर?"

"तर खोकला काढा. पण गोष्टी सांगत बसू नका. तुम्हाला एकदा सुरुवात झाली की थांबता येत नाही. पोराचं लग्न मोडाल."

मुलगा ऑफिसला गेला की मी घरात एकटा, ते पुस्तक टेबलावर. मी त्याच्यावर पेपर झाकून ठेवायचो.

बैठकीचा शनिवार आला. कॉन्डोत आठ-दहा लोक. मुलीच्या वडिलांनी माझी ओळख करून दिली, "यांचा पुण्यात मोठा कॅटरिंगचा व्यवसाय आहे." सगळे "अरे वा" म्हणाले. मी उभा राहिलो. पहिलं वाक्य म्हटलं. दुसरं म्हटलं. तिसरं गायब. मी चौथं दोनदा म्हटलं आणि बसलो. टाळ्या पडल्या. एक अकाउंटंट होते, ते म्हणाले, "थोडक्यात पण नेमकं." मुलाने माझ्याकडे बघून श्वास सोडला. मला वाटलं, सुटलो. मी पहिल्यांदा त्यांच्या सोफ्याला पाठ टेकवली.

तेवढ्यात मुलीच्या वडिलांनी पुस्तक उघडलं. "मला त्या मेजवानीतला एक तुकडा कळत नाही. वाचतो, ऐका." ते वाचून मराठीत सांगायला लागले. वर्दीतला गडी मांसाचा मोठा थाळा घेऊन फिरतोय. लॉर्डच्या म्हाताऱ्या आईपुढे तो तीनदा वाकतो. ती तीनदा नको म्हणते. मग तो थाळा खांद्याच्या वर धरून टेबलाच्या टोकाकडून वळतो, आणि गरीब चुलतभावाच्या ताटलीत काहीच पडत नाही.

"हा अपमान आहे," अकाउंटंट म्हणाले. "गडीसुद्धा गरिबाला ओळखतो आणि टाळतो."

मुलीची आई, डॉक्टरीणबाई, म्हणाल्या, "मला वाटतं मालकाने आधीच सांगून ठेवलं असणार."

मुलीचे वडील म्हणाले, "माझ्या मते लेखक विसरला. गडी म्हणजे काय, फर्निचर. श्रीमंती दाखवायला उभा केलेला. त्याने कुणाला वाढलं, कुणाला नाही, याकडे लेखकाचं लक्षच नाही."

माझ्या डोक्यात कुणीतरी घंटा वाजवत होतं. मी खोकला काढला. अजून एक काढला. मुलगी म्हणाली, "काका, पाणी देऊ?" मी मान हलवली. गप्प बस, मी स्वतःला सांगत होतो, पोराचं लग्न आहे. पण ते सगळे इतकं चुकीचं बोलत होते! तीन शिकलेली माणसं, आणि एकालाही समोरचं दिसत नव्हतं.

"कमी पडलं होतं हो!" मी ओरडलो.

सगळे माझ्याकडे वळले.

"काय कमी पडलं?"

"मटण! थाळ्यात उरलंच नव्हतं. तीनचार तुकडे असतील. म्हणून त्याने थाळा वर धरला. तळ दिसू नये म्हणून!"

आणि मंडळी म्हणाली होती तसंच झालं. मला थांबता आलं नाही. मी उभा राहिलो. समोरचा ट्रे उचलून तळहातावर घेतला. "हे बघा. जिलबी संपत आली की मागून मुकादम डोळा मारतो. मग आम्ही आग्रह वाढवायचा. ज्याचं पोट भरलंय, ज्याला साखरेचा त्रास आहे, ज्याने पानावर आडवा हात धरलाय, त्याच्यापुढे जाऊन वाकायचं. 'घ्या हो, एक तरी घ्या, आमच्यासाठी घ्या!' मोठ्याने. सगळ्या पंगतीला ऐकू गेलं पाहिजे. तो नकोच म्हणणार. तीनदा म्हणणार. लोकांना वाटतं, काय रेलचेल आहे! आणि जो खरा खाणारा आहे, मान वर करून वाट बघतोय, त्याच्या मागून सटकायचं. 'आलोच' म्हणायचं आणि यायचं नाही. त्या म्हातारीला मांस नकोय हे त्या गड्याला पक्कं माहीत. आणि तो चुलतभाऊ उपाशी आहे, एक दिला तर तीन मागेल, हेही माहीत. अपमान नाही हो तो. तो मालकाची अब्रू राखतोय. त्या घरात काही उरलेलं नाही, हे टेबलावर फक्त त्यालाच कळलंय!"

मुलीचे वडील घाईघाईने पुढची पानं चाळायला लागले. "बरोबर! पुढे पाच प्रकरणांनी गिरणी बुडते! घराचा लिलाव होतो! अरे, म्हणजे इथेच सांगून ठेवलंय!"

अकाउंटंट म्हणाले, "कमाल आहे. मी दोनदा वाचलं."

मला इतका आनंद झाला! जन्मात पहिल्यांदा शिकलेली माणसं माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत होती. त्या आनंदात मी ट्रे नाचवत म्हणालो, "न कळायला काय झालं? एकतीस वर्षं थाळा धरलाय या हातांनी!"

ट्रे तसाच हवेत राहिला. मुलाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या लग्नात मामाच्या पानावर जिलबी आलीच नाही. आणि शेजारच्या काकांना, डायबिटीस होता त्यांना, तीनतीनदा आग्रह. मामा रुसला. शेवटपर्यंत आमच्याकडे आला नाही. आम्ही म्हणायचो, मुद्दाम केलं कुणीतरी." त्या थांबल्या. "म्हणजे माझ्या वडिलांना कमी पडलं होतं."

कोणत्या हॉलमधलं लग्न, कधीचं, मी विचारलं नाही. असं दोनशे लग्नांत झालंय. त्यातलं एक माझ्या हातून झालं असेलही. मला मामा आठवत नाही. माझ्या हाताला आठवत असेल तर माहीत नाही.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पण मालक वाढायला जातो?"

"कधीकधी," मी म्हटलं. "हौस म्हणून."

"एकतीस वर्षं?"

मी खोकला काढला. निघाला नाही.

मुलगा उभा राहिला. "बाबा वाढपी होते. धंदा वगैरे काही नाही. मी खोटं बोललो."

"नाही नाही," मी मध्येच, "त्याचं काही नाही, मीच त्याला म्हटलं होतं, सांगून टाक म्हणून…"

"काका, प्लीज. स्टॉप ला," मुलगी तिथल्या इंग्रजीत म्हणाली. ती मुलाकडे वळली. "तू मलापण नाही सांगितलंस?"

तिच्या वडिलांनी पुस्तकात खूण घातली, मिटलं आणि म्हणाले, "आज इथेच थांबू या." लोक चपला शोधायला लागले. अकाउंटंट माझ्या चपला घालून जात होते, मी त्यांना तेही सांगितलं नाही.

परत येताना MRT मध्ये आम्ही दोघं शेजारी बसलो. मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो समोरच्या काचेत बघत होता आणि मी त्याच्या पायांकडे. स्टेशनांची नावं येत होती, मला प्रत्येक नाव शिक्षा सांगितल्यासारखं ऐकू येत होतं. घरी आल्यावर तो म्हणाला, "झोपा बाबा." एवढंच.

रविवार, सोमवार, मंगळवार. फोन नाही, मेसेज नाही. पुढच्या सोमवारी माझं विमान. मी मंडळींना सांगितलं, सगळं छान चाललंय. तिने विचारलं, "काय मोडलंत?" मी फोन ठेवून दिला. मुलगा ऑफिसला जायचा, यायचा, जेवायचा नाही. मला वाटायचं, मी एका ओरडण्याने त्याचं घर बसायच्या आधी उठवलं. एका मटणाच्या थाळ्यासाठी, तोही इंग्रजाच्या.

बुधवारी संध्याकाळी बेल वाजली. मुलगा अजून यायचा होता. दारात ती, ऑफिसची बॅग घेऊन, एकटी. म्हटलं, नकार द्यायला आली. चांगल्या घरची आहे, तोंडावर द्यायला आली.

मी चहा केला. साखर घातली का नाही आठवेना, म्हणून परत घातली. ती एक घोट पिऊन कप खाली ठेवून म्हणाली, "काका, तुम्ही काय काम करत होता, त्याचं मला काही नाही. पण तुम्ही महिनाभर किती घाबरला होता. आमच्या घरी तुम्ही हातांवर बसून राहायचात. मला वाटलं एसी. आणि त्याने ते होऊ दिलं. ते मला नाही ना चालत."

आता मात्र मी गप्प बसू शकत नव्हतो. पण जे सांगायचं होतं ते मी मंडळींनासुद्धा सांगितलेलं नव्हतं. सांगितलं तर मी तिच्या नजरेतून उतरणार, नाही सांगितलं तर तो.

"ते खोटं त्याचं नाही," मी म्हटलं. "परवाच्यासारखं सारवायला सांगत नाही. खरंच माझं आहे."

तो इंजिनियरिंगला होता तेव्हा. त्याच्या वर्गातल्या मित्राच्या बहिणीचं लग्न होतं, मोठ्या घरचं. मित्रांबरोबर हा जेवायला आला, इस्त्रीचा शर्ट घालून. हॉल आमच्याच कॅटररचा. मी जिलबी घेऊन पंगतीत निघालो आणि चौथ्या पानावर माझा मुलगा. त्याने मला बघितलं. त्याचं तोंड उघडलं. तो 'बाबा' म्हणणार होता, मी पैजेवर सांगतो, म्हणणार होता. दोन्ही बाजूंना त्याचे मित्र. मी घाबरलो. माझ्यामुळे त्याची मान खाली जाईल म्हणून घाबरलो. मी हळूच मान हलवली, नको म्हणून. आणि वाकून म्हटलं, "घ्या साहेब, जिलबी घ्या."

"मी माझ्या पोराला साहेब म्हटलं," मी तिला म्हटलं. "ओळख आधी मी नाकारली. तो माझ्याकडून शिकला. आता शिकलेला मुलगा आहे, एकदा दाखवलं की येतं त्याला."

मी हसायचा प्रयत्न केला. ती हसली नाही. ती रडलीही नाही, बघत बसली. मग कुलपात किल्ली फिरली आणि मुलगा आत आला. तिला बघून दारातच थांबला. बूट काढायचेही विसरला.

ती म्हणाली, "शनिवारी आईबाबा इथे येतील जेवायला. मी आणणार त्यांना. आता काकांनी मला सांगितलं ते, त्या लग्नातल्या जिलबीचं, तू त्यांना सांगायचं. सगळं. काका नाही सांगणार."

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

"आणि तुझं?" त्याने विचारलं.

"माझं हो आहे. पण शनिवारनंतर."

शनिवार. वाढपी आणि आचारी यांत किती फरक असतो हे लोकांना माहीत नसतं. मला साधा भात नीट जमत नाही. पोळ्या-भाजी डबा देणाऱ्या एका मराठी बाईंकडून आणली. वरण मुलाने केलं. मी सकाळपासून नुसता या खोलीतून त्या खोलीत. बेल वाजली तेव्हा मी बेसिनपाशी तोंडावर पाणी मारत होतो. डॉक्टरीणबाईंनी फुलं आणली होती. तिच्या वडिलांनी बूट बाहेर कॉरिडॉरमध्ये काढून ओळीत लावले आणि आत येऊन मला नमस्कार केला. नमस्कार व्यवस्थित होता. पण बँकेत कर्ज नाकारतानाही करत असतील तसा.

आम्ही पाच जण एका घडीच्या टेबलाभोवती. माझी खुर्ची स्वयंपाकघराकडे पाठ करून. मुलगी म्हणालीच होती, काका उठायचं नाही. वरणभात झाला, पोळी झाली. चमच्यांचाच आवाज. मग मुलाने हात पुसले आणि सुरू केलं. मित्राच्या बहिणीचं लग्न, इस्त्रीचा शर्ट, चौथं पान. मी ताटातल्या लिंबाच्या फोडीकडे बघत होतो. 'साहेब' शब्द आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हातातला घास खाली ठेवला.

तिचे वडील मात्र मुलाकडेच बघत होते, बँकवाले कागद बघतात तसे. त्यांनी विचारलं, "मग तू काय केलंस?"

"घेतली जिलबी. आणि 'थँक्यू' म्हणालो."

हे मी तिला सांगितलं नव्हतं. तेवढं मी माझ्याकडेच ठेवलं होतं, इतकी वर्षं. तो विसरला असेल असं धरून चाललो होतो.

"त्यानंतर घरी गेल्यावर आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही," मुलगा म्हणाला. "आज पहिल्यांदा."

तिच्या वडिलांनी चमचा ताटाच्या कडेला ठेवला. खालून बसचा ब्रेक लागल्याचा आवाज आला. मग ते डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाले, "हे याने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर माणूस भीतीने सोंग करतो हे कळायला मला ते सहाशे पानांचं पुस्तक वाचावं लागलं नसतं."

"तुम्ही वाचून काय दिवे लावलेत?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणे गडी म्हणजे फर्निचर! आता लग्नाची बोलणी करा नीट."

मुलगी हसली, मग मुलगा, मग ते दोघंही. मी सगळ्यांच्या नंतर हसलो. आधी ते खरंच हसतायत ना, हे एकेकाच्या तोंडाकडे बघून घेतलं.